माईक एक, भाषा दोन

या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत. दोन भाषांतल्या घरांमध्ये लग्नं जमायला लागलीत आणि रिसेप्शनला माईक हातात घ्यायची वेळ घरातल्याच कोणावर तरी येते, त्यामुळे पत्रं आणि ईमेल भरपूर आलेत, म्हटलं एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकत्रच बोलू.

प्रश्न: ताई, माझ्या धाकट्या भावाचं लग्न आहे. होणाऱ्या वहिनीच्या माहेरी कोणालाच मराठी कळत नाही, त्यांच्याशी इंग्रजीतच बोलावं लागतं. आणि आमच्याकडे आजी, आत्या, मोठे काका यांना इंग्रजी जमत नाही. रिसेप्शनच्या अनाऊन्समेंट मी करायच्या असं ठरलंय. आधी सगळं मराठीत बोलून मग सगळं इंग्रजीत बोलू की मध्ये मध्ये भाषा बदलू? आणि आधी कुठली भाषा?

उत्तर: मध्ये मध्ये बदला, अगदी बिनधास्त. आधी सगळं मराठीत आणि मग सगळं इंग्रजीत असं केलं की काय होतं, तुम्ही तीन-चार मिनिटं मराठीत बोलता, तेवढ्यात अर्धा हॉल मनात ठरवून टाकतो की हे काही आपल्यासाठी नाही, मग शेजारच्याशी गप्पा सुरू, फोन बाहेर, आणि इंग्रजीची पाळी येईपर्यंत मराठीवाल्यांचं ऐकून झालेलं असतं म्हणून आता तेही बोलायला लागतात. म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्ही इंग्रजीत बोलताय त्यांना धड ऐकूच येत नाही. एका भाषेत दोन वाक्यं, फार तर तीन, की लगेच दुसरी. एवढा वेळ कोणीही शांत बसतं.

आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाका की मी सगळं दोन्ही भाषांत सांगणारे. हे एक वाक्य फार काम करतं. माणसाला कळलं की आपली पाळी येणार आहे तर तो थांबतो, नाहीतर त्याला वाटतं की आपल्याला कोणी विचारातच घेतलेलं नाही.

आधी कुठली भाषा, तर ज्या भाषेची माणसं हॉलमध्ये कमी आहेत ती आधी. बहुसंख्य मंडळींना आपली भाषा येणारच याची खात्री असते, ती वाट बघतात. पाहुण्यांना ती खात्री नसते. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये कितीतरी सरकारी संस्थांना असा नियमच घालून दिलाय की लाऊडस्पीकरवर दोन्ही भाषांत सांगायचं असेल तर आधी वेल्श, मग इंग्रजी, आणि तिथे वेल्श बोलणारे कमी आहेत. ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला बघितलं असेल तर तिथेही क्रम ठरलेला असतो, फ्रेंच, इंग्रजी आणि यजमान देशाची भाषा. यजमानांची भाषा शेवटी येते, त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. तुमच्या घरचं कोणी "आपली मराठी नंतर का" म्हणून कुरकुर केली तर त्यांना हेच सांगा की आपण यजमान आहोत. एकदा ठरवलेला क्रम मात्र संध्याकाळभर बदलू नका, लोकांच्या कानाला सवय होते की आता हे संपलं की आपलं येणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही भाषांत तेच्या तेच बोलायची काही गरज नाही. हॉलमध्ये थोडंफार दोन्ही भाषा समजणारी बरीच माणसं असतात, वधूवर स्वतः, त्यांचे मित्रमैत्रिणी, सगळी तरुण मंडळी, आणि त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकावी लागते. म्हणून लिहायला बसलात की आधी दोन ढीग करा. एका ढिगात माहिती, म्हणजे किती वाजता, कुठे, कोणी काय करायचं. ही दोन्ही भाषांत हवीच, आणि तंतोतंत सारखी हवी. दुसऱ्या ढिगात मनातलं, स्वागत, कौतुक, गमती, आभार. हे प्रत्येक भाषेत वेगळं असू दे. मराठीत आजीला उद्देशून दोन शब्द बोला, इंग्रजीत वहिनीच्या आईबाबांना उद्देशून बोला. असं केलं की दोन्ही भाषा येणाऱ्यालाही प्रत्येक वेळी काहीतरी नवीन मिळतं आणि ज्याला एकच येते त्याचं काही बुडत नाही.

साधारण असं:

"फ्रेंड्स, गुड इव्हिनिंग! आय विल से एव्हरीथिंग इन इंग्लिश अँड मराठी, सो प्लीज स्टे विथ मी."
"नमस्कार मंडळी! सगळं दोन्ही भाषांत सांगणारे, त्यामुळे काळजी नको."
"द कपल विल वॉक इन फ्रॉम द डोअर ऑन युअर लेफ्ट, इन टू मिनिट्स. प्लीज कीप द सेंटर क्लिअर."
"दोन मिनिटांत नवरानवरी तुमच्या डाव्या हाताच्या दारातून येतायत, मधली वाट तेवढी मोकळी ठेवा. आजी, तू खुर्चीतच बस, तुला पहिल्या रांगेतून सगळं दिसणारे!"

बघा, डावं दार, दोन मिनिटं आणि मोकळी वाट दोन्हीकडे आहे, आजीचं वाक्य एकीकडेच आहे आणि ते इंग्रजीत सांगायची काहीच गरज नाही, आजीकडे बघून हॉल हसला की बाकीच्यांना आपोआप कळतं काय चाललंय. विनोदाचं भाषांतर तर करूच नका. एका भाषेतला हशा ओसरल्यावर तोच विनोद दुसऱ्या भाषेत समजावून सांगणं म्हणजे ऐकणाऱ्यांवर हसायची सक्ती. त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेतलं वेगळं काहीतरी ठेवा.

वेळेचा अंदाजही आत्ताच घ्या. माईकवर, मोठ्या हॉलमध्ये, कळेल असं बोलायचं तर मिनिटाला साधारण 120 शब्दांच्या आसपास राहावं लागतं, घरी बोलतो तसं भराभर बोललं की भिंतींवरून येणारा घुमारा पुढच्या शब्दावर चढतो आणि सगळंच अस्पष्ट होतं. म्हणजे 360 शब्द लिहिलेत तर तीन मिनिटं गेली, आणि तेच दुसऱ्या भाषेत म्हणजे सहा. सहा मिनिटं उभ्याने कोणी ऐकत नाही. तेव्हा मूळ मजकूरच निम्मा करा.

कागद: मोठं अक्षर, एकाच बाजूला, पानांना नंबर, दोन भाषा दोन रंगांत. पान उलटताना वाक्य अर्धं तुटणार नाही एवढं बघा. इंग्रजी देवनागरीत लिहिलेलं तुम्हाला पटकन वाचता येत असेल तर तसं लिहा, कागद फक्त तुम्हालाच दिसणारे.

प्रश्न: माझे सासरे मुलीच्या रिसेप्शनला बोलणार आहेत. ते मराठीतच बोलतील आणि भावनेच्या भरात लांबतील हे आम्हाला माहितीये. जावयाकडच्यांसाठी मी इंग्रजीत सांगायचं आहे. मी सून आहे, बाबांना मध्ये थांबवणं मला जमणार नाही. काय करू?

उत्तर: तुमची अडचण कळली, आणि ती भाषेची कमी, नात्याची जास्त आहे. म्हणून थांबवायचं काम त्या दिवसावर सोडूच नका, आधी घरी बसून बाबांशी बोला. त्यांना "कमी बोला" असं म्हणू नका, "बाबा, तुमचा प्रत्येक शब्द त्या मंडळींपर्यंत पोचवायचा आहे, म्हणून दोन-तीन वाक्यांनंतर मला जागा द्या" असं म्हणा. हे खरंही आहे. आणि एकदा दोघांनी मिळून मोठ्याने सराव करा, निदान सुरुवातीचा. माणसाला एकदा लय कळली की तो स्वतःच थांबतो.

तरी खूण ठरवून ठेवा. 1945 साली नाझी नेत्यांवरचा न्यूरेंबर्गचा खटला सुरू झाला तेव्हा तिथे चार भाषांत एकाच वेळी भाषांतर चालायचं, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, जर्मन. बोलणारा फार वेगात गेला की त्याच्यासमोर पिवळा दिवा लागायचा, म्हणजे हळू, आणि लाल लागला की थांबायचं. एवढे मोठमोठे वकील आणि न्यायाधीश दिव्याकडे बघून थांबायचे, तर आपल्या घरात एक खूण ठेवायला काहीच हरकत नाही. तुम्ही बाबांच्या शेजारी अर्धं पाऊल मागे उभ्या राहा, आणि वेळ झाली की अर्धं पाऊल पुढे या. हॉलमधल्या कोणाला कळणारही नाही.

हातात छोटी वही ठेवा. सराईत दुभाषे वाक्यंच्या वाक्यं लिहून घेत नाहीत, ते नावं, आकडे आणि क्रम टिपतात, बाकी बाण आणि खुणा. तुम्हीही तेवढंच टिपा, कोणाचं नाव घेतलं, कुठलं साल म्हणाले, कुठला किस्सा. भावना लक्षात राहते, नावं आणि सालं निसटतात.

आता एक बारीक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. "बाबा म्हणतायत की त्यांना फार आनंद झाला" असं सांगू नका. व्यावसायिक दुभाषे बोलणाऱ्याच्या वतीने थेट "मी" म्हणून बोलतात, आणि लग्नात तर ते हवंच, कारण "ही सेज ही इज हॅपी" यात बाप गायब होतो आणि बातमी उरते. सुरुवातीला एकदाच सांगा, आता मी बाबांचे शब्द त्यांच्याच वतीने सांगतेय, आणि मग "माय डॉटर" म्हणा. इंग्रजीत तुम्हाला हे सोपं जाईल. जावयाकडचं कोणी इंग्रजीत बोललं आणि तुम्ही मराठीत सांगायला लागलात की मात्र प्रश्न येतो, त्यांचे वडील बोलतायत तर तुम्ही "मी सांगतो" म्हणायचं की "मी सांगते"? त्यात अडकू नका, वाक्यच असं करा की हे दिसणार नाही. "मी खूप खूश झालो" ऐवजी "मला खूप आनंद झाला", "मी हे विसरणाऱ्यातला नाही" ऐवजी "हे माझ्या कायम लक्षात राहील". ऐकायला सहज वाटतं.

आणि बाबांचा गळा दाटून आला तर? तेव्हा काही भाषांतर करू नका. थांबा, त्यांना पाणी द्या, आणि ते सावरले की जिथून सोडलं तिथून पुढे जा. ते सगळ्यांना कळलेलं असतं.

प्रश्न: मी नवरी मुलगीच आहे. नवऱ्याच्या घरची भाषा मला येत नाही, शिकतेय, पण अजून मोडकीतोडकी. रिसेप्शनला त्यांच्या भाषेत दोन-चार वाक्यं बोलावी असं फार वाटतं पण चुकलं आणि लोक हसले तर?

उत्तर: बोल गं, नक्की बोल. आणि चारच वाक्यं बोल, जास्त नको, कारण चार वाक्यं पाठ होऊन अंगात मुरतात आणि आठ वाक्यं नुसती पाठ राहतात. ती वाक्यं पुस्तकातून किंवा फोनवरून घेऊ नकोस, सासूबाईंना किंवा नणंदेला विचार की तुमच्या घरात हे कसं म्हणतात. कारण प्रत्येक घराचं बोलणं वेगळं असतं, आणि त्यांच्याच घरातली लकब तुझ्या तोंडून ऐकली की त्यांना जो आनंद होईल तो शुद्ध भाषेने होणार नाही. शिवाय मोठ्यांशी बोलताना मान कसा द्यायचा, कोणाला काय हाक मारायची, हे घरचंच माणूस सांगू शकतं, तिथे चुकून उपयोग नाही.

त्यांच्याकडून व्हॉइस नोट घे, सावकाश बोललेली एक आणि नेहमीच्या वेगाची एक. देवनागरीत लिही, पण कागदावर विसंबू नकोस, कानावर विसंब. सकाळी आवरताना, प्रवासात, ती नोट लाव आणि तिच्याबरोबरच बोल. शेवटचं वाक्य सगळ्यात पक्कं कर, कारण लोकांच्या लक्षात तेच राहतं आणि टाळ्या तिथेच येतात.

हसण्याचं म्हणशील तर हसतील, हो, कौतुकाने हसतील. कोणी आपली भाषा बोलायची धडपड करतंय हे बघून माणसं वितळतात. तू अडखळलीस तर नवऱ्याकडे बघ, तो शब्द पुरवेल, तुम्ही दोघांनी मिळून पूर्ण केलेलं वाक्य त्या संध्याकाळचं सगळ्यात गोड वाक्य होईल. आणि मग लगेच दुसऱ्या भाषेत सांग की तू काय म्हणालीस, तुझ्या माहेरच्यांना पण कळलं पाहिजे ना की आपली लेक एवढं काय बोलली म्हणून टाळ्या पडल्या.

प्रश्न: नावांचं काय? स्टेजवर येणाऱ्या पाहुण्यांची यादी माझ्याकडे आहे पण पलीकडच्यांची नावं कशी उच्चारायची तेच कळत नाही, यादी इंग्रजी स्पेलिंगमध्ये आहे.

उत्तर: स्पेलिंगवरून वाचू नका. एखादं निवेदन विसरलात तर चालेल पण कोणाच्या आईवडलांचं नाव चुकीचं घेतलं तर ते त्यांच्या मनात राहतं. त्यांच्याकडच्या एका माणसाला धरा, फोनवर सगळी यादी त्याच्याकडून वाचून घ्या, रेकॉर्ड करा, आणि ऐकून देवनागरीत उतरवा. ऱ्हस्व-दीर्घ व्याकरणाप्रमाणे नको, कानाप्रमाणे लिहा. जिथे जोर द्यायचा त्या अक्षराखाली रेघ मारा. मग परत त्यालाच फोन करून तुम्ही वाचून दाखवा. जमलं तर समारंभाआधी त्या माणसांनाच जाऊन भेटा आणि "मी तुमचं नाव बरोबर घेतोय ना" असं विचारा, कोणालाही याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. आणि आपल्याकडच्या नावांसाठीही हेच करा, पलीकडून कोणी माईकवर असेल तर त्यांना आपली नावं बोलून पाठवा.

प्रश्न: फोनवरचं भाषांतराचं ॲप वापरून थेट अनाऊन्समेंट करता येईल का? माणूस शोधायची कटकटच नको.

उत्तर: कच्चा मसुदा करायला वापरा, ती भाषा घरी बोलणाऱ्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, जिथे त्याची जीभ अडखळेल तिथे वाक्य बदला. थेट हॉलमध्ये नको. आवाज, म्युझिक, एकाच वेळी बोलणारी माणसं, फोनला नीट ऐकूच येत नाही, आणि तू-तुम्ही-आपण यात तर हमखास घोळ होतो. लग्नात सासऱ्यांना "तू" ऐकू गेलं तर ते ॲपने म्हटलं हे कोण लक्षात ठेवणार.

प्रश्न: माझ्या मैत्रिणीच्या रिसेप्शनला आमचे काही कर्णबधिर मित्र येणार आहेत. साइन लँग्वेजचा दुभाषा बोलावलाय. हे पण दोन भाषांचंच निवेदन झालं ना? आम्ही काय काळजी घ्यायची?

उत्तर: अर्थातच दोन भाषांचंच, आणि किती छान की तुम्ही हा विचार केलात! आधी एक तपासा, तुमच्या मित्रांची साइन लँग्वेज आणि दुभाष्याची साइन लँग्वेज एकच आहे ना. जगभर एकच खुणांची भाषा असते असा गैरसमज आहे, अमेरिकेतली आणि ब्रिटनमधली सुद्धा एकमेकांना कळत नाहीत, बोलायची इंग्रजी एक असली तरी.

दुभाष्याची जागा बोलणाऱ्याच्या अगदी शेजारी, म्हणजे मित्रांना दोघंही एका नजरेत दिसतात. त्यांच्या मागे चकाकणारी सजावट किंवा लुकलुकणारे दिवे नकोत. फोटोंचा स्लाइड शो लावताना लाइट घालवतात तेव्हा दुभाष्यावरचा एक दिवा चालू ठेवायला सांगा, नेमकं तेच विसरलं जातं आणि सगळा हॉल ऐकत असताना तुमचे मित्र अंधारात बसून राहतात. त्यांना बसायला पुढची टेबलं द्या. भाषणं आणि नावांची यादी दुभाष्याला आदल्या दिवशी पाठवा. कार्यक्रम लांबणार असेल तर दोन दुभाषे लागतात, हे काम मेंदूला इतकं थकवतं की दर वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून करतात, म्हणून एकाच माणसाला दोन तास उभं करू नका. आणि मित्रांशी बोलताना मित्रांकडे बघून बोला, दुभाष्याकडे बघून नाही.

प्रश्न: मी बोलायला लागलो की माईक किंचाळतो. दोन भाषांत बोलायचं म्हणजे दुप्पट किंचाळणार का?

उत्तर: स्पीकरच्या समोर जाऊ नका, स्पीकर तुमच्या पुढे आणि त्याचं तोंड प्रेक्षकांकडे असं असलं पाहिजे. तुमचा आवाज स्पीकरमधून निघून परत माईकमध्ये शिरतो म्हणून तो किंचाळतो. माईकचं जाळीचं डोकं मुठीत धरू नका, त्यानेही वाढतं, खाली दांड्याला धरा. तोंडापासून चार-पाच बोटं लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे प, फ, भ फुटत नाहीत. टकटक करून किंवा फुंकर मारून बघू नका, बोलून बघा. आणि दोघंजण बोलणार असाल, एक एका भाषेत आणि एक दुसऱ्या, तर साऊंडवाल्याकडे दोन माईक मागा. एकच माईक इकडून तिकडे देताना प्रत्येक वेळी जो वेळ जातो त्यात हॉल हातातून सुटतो.

प्रश्न: शेवटचा छोटा प्रश्न. कोणाची तरी गाडी आडवी लागली असेल, किंवा लहान मूल चुकलं असेल, तर तेव्हा पण दोन्ही भाषांत?

उत्तर: हो, आणि तेव्हा तर नक्कीच, फक्त स्वागत-बिगत काही नाही, सरळ कामाचं. गाडीचा नंबर दोन्ही भाषांत एकेक आकडा सुटा सांगा. "सत्तेचाळीस एकोणसाठ" असं म्हटलं तर मराठी येणाऱ्यांनाही क्षणभर विचार करावा लागतो, "चार सात पाच नऊ" लगेच कळतं. रंग आणि कुठली गाडी तेही सांगा, नंबर कितीतरी जणांना पाठ नसतो. मूल सापडलं असेल तर त्याला तुमच्या जवळ उभं करा, आधी त्याच्याच भाषेत बोला म्हणजे त्यालाही धीर येतो, आणि मग दुसऱ्या भाषेत. मूल सापडत नसेल तर आधी दारापाशी माणूस उभा करा, मग माईक घ्या, मुलाचं नाव, कपड्यांचा रंग, आणि सापडलं तर कुठे आणायचं, एवढंच, दोन्ही भाषांत दोन-दोन वेळा.